आप्पा गावाला गेले की दिवे जातात

लोहाऱ्याला बदली झाली आणि भाड्याची जागा शोधत मी आप्पांच्या दारात पोचलो. त्यांनी माडीवरच्या दोन खोल्या उघडल्या, खिडक्या दाखवल्या, नळ सोडून पाणी दाखवलं आणि मग हात मागे बांधून दारात गप्प उभे राहिले. मला वाटलं, आता भाड्याचं बोलतील. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खोलीला तुमी पसंत पडलाव."

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"माझं काय त्यात? ऱ्हायचंय तुमाला, ठिवून घ्यायचंय खोलीला."

पुढं कळलं की हे आप्पांचं कायमचंच आहे. स्वतःला काय हवं आणि काय नको, हे त्यांनी कधी स्वतःच्या नावावर सांगितलं नाही. प्रत्येक मागणं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर निघायचं. बाजाराच्या दिवशी जिलबी यायची ती गाईसाठी. एक कडं गाईपुढं ठेवायचे आणि बाकीची पुडी ओट्यावर बसून स्वतः संपवायचे. "तिला येकटीला ग्वाड लागत न्हाई," म्हणायचे. एखाद्या लग्नाला जायचं नसलं तर धोतर वाळलेलं नसायचं. लोहाऱ्यातल्या मे महिन्यात न वाळणारं धोतर मी त्यांच्याकडंच पाहिलं.

जन्मभर त्यांनी तुरीची आणि सोयाबीनची आडत केली होती. मी गेलो तेव्हा दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, अंगात खिशाची बंडी आणि दारात एक देवणी गाय, एवढा त्यांचा संसार. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. ती सीमेपलीकडची, कानडी बोलणारी. तिच्यामागं घरातलं कानडी संपलं, पण एक शब्द आप्पांच्या तोंडात राहिला, 'इरली'. म्हणजे असू दे. भाजीत मीठ जास्त झालं, इरली. एसटी चुकली, इरली. पुण्याचा पोरगा फोनवर रागावला, इरली.

मला ते डॉक्टर म्हणायचे. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक, खरे डॉक्टर माझे साहेब. पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, असा गावाचा साधा हिशोब असतो. मी पहिल्या आठवड्यात दुरुस्ती करून पाहिली आणि मग सोडून दिली.

आता दिव्यांचं. आप्पांची बायको आजारी होती तेव्हा तिला पडल्या पडल्या घर उजळ दिसावं म्हणून पोरानं खालच्या सगळ्या खोल्यांना पीओपीचं छत करून त्यात एलईडीचे गोल दिवे बसवले होते. लोहाऱ्यात तेव्हा असलं छत फार घरांत नव्हतं. आप्पा आल्यागेल्याला ते दाखवायचे. बटण दाबायचे, वर बघायचे आणि पाहुण्यांकडं न बघता दिव्यांकडंच बघत राहायचे. पोराचा जीव मात्र त्या दिव्यांनी खाल्ला, कारण ते टिकायचे नाहीत. आणि न टिकण्याची तऱ्हा अशी, की आप्पा घरात असले की सगळे दिवे ठणठणीत. आप्पा पुण्याला गेले की चार-सहा दिवसांत लुकलुकायला लागायचे आणि तेरखेड्याच्या फटाक्यांसारखे एकामागून एक उडायचे.

हे मी स्वतः पाहिलं. पुण्याला जाताना आप्पा मला किल्ली द्यायचे. "घराला अंधारात बसायची सवय न्हाई," असं सांगायचे. मी संध्याकाळी गोठे फिरून यायचो, माडीवर गीझर लावायचो, पाणी तापेपर्यंत खाली जाऊन त्यांचे दिवे लावायचो. पहिल्यांदा दिवा डोक्यावर फट्कन उडाला तेव्हा मी अंगणात येऊन उभा राहिलो. माडीवरचे माझे साधे दिवे मात्र नीट चालू होते. मी आप्पांना फोन केला. त्यांचा आवाज एकदम खुलला. "आसं व्हय? बघा आता. म्या पोराला सांगतच व्हतो. उद्याच्या गाडीनं येतो."

आणि ते आले. पोराकडं महिनाभर राहायला म्हणून गेलेला माणूस आठव्या दिवशी पिशवीसह ओट्यावर हजर. आल्या आल्या अंगणात आंघोळ केली, वायरमनला बोलावून नवे दिवे बसवले आणि ते पुढं महिनोन्महिने चालले. "घराला करमत न्हाई, त्येला काय करनार," असं ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे.

पोरगा चांगला होता. पुण्याला कुठल्याशा कारखान्यात हुद्द्यावर होता आणि बाप गावात एकटा, ही गोष्ट त्याला खरोखर टोचायची. त्याला आप्पांना कायमचं पुण्याला न्यायचं होतं. आप्पा नाही म्हणायचे नाहीत. ते जायचे, आणि दिवे त्यांना परत बोलवायचे. म्हणून पोरगा हट्टाला पेटला, की हे दिवे एकदा नीट करायचेच.

सोलापूरहून चांगल्यातले दिवे आणले, तेही गेले. वायरमन म्हणाला, वर पीओपीत हवा खेळत नाही, गरम होऊन जातात. म्हणून छताला भोकं पाडली. त्या भोकांतून एक पाल दिवाणखान्यात आली, दिवे जायचे ते गेलेच. मग मोठा स्टॅबिलायझर आणायचं ठरलं, पण तो कुठं बसवायचा यावर बापलेकांचं जमेना. शेजारच्या एका जाणत्यानं सांगितलं, की दिव्यांची मांडणी दक्षिणेकडून सुरू झालीय. आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि इरली म्हणाले.

एकदा भर पावसाळ्यात आप्पा भाचीच्या लग्नाला कलबुर्गीकडं गेले होते. पंधरा दिवस राहिले आणि एकही दिवा गेला नाही. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते जरा नाराज झाले. मग विचार करून म्हणाले, "पावसाळ्यात घराला बरं वाटतं." मी हसलो आणि विसरून गेलो. खरं तर तिथंच थांबून विचार करायला हवा होता. आमच्या धंद्यात जनावर बोलत नाही, म्हणून ते कधी खातं, कधी सोडतं, हेच विचारत बसावं लागतं. पण घर हे काही जनावर नाही, असं माझं तोवर मत होतं.

आता त्या आंघोळीचं सांगतो. पोरानं खाली गुलाबी फरशांचं न्हाणीघर बांधलं होतं, शॉवरसकट. आप्पा त्यात कांदे ठेवायचे. "न्हाणीतलं पानी जातं गटारीत. गटारीला आंगूळ घालून काय फायदा?" असं त्यांचं म्हणणं. पाण्याचा थेंब वाया गेलेला आमच्या भागात कुणालाच बघवत नाही, पण आप्पांनी त्याचं व्रत केलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात, बेलाच्या झाडाखाली एक शहाबादी फरशी होती. तिच्यावर उभं राहून ते रोज सकाळी उघड्यावर आंघोळ करायचे. साबण लावायचे नाहीत, कारण बेलाला साबण सोसत नाही. थंडी असो की टंचाई, बेलाची बादली चुकली नाही.

या फरशीचा एक महिमा होता. आंघोळ करताना आप्पांच्या पायांना मुंग्या यायच्या. बारीक, गोड मुंग्या, तळव्यातून गुडघ्यापर्यंत. त्यांचे जुने दुखरे गुडघे त्यामुळं हलके झाले होते, असं ते सांगायचे. "जागा जागृत हाय," म्हणायचे. गोष्ट गल्लीत पसरली. मग सकाळी गुडघे दुखणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली. एक निवृत्त तलाठी टॉवेल खांद्यावर टाकून यायचे. मागच्या गल्लीतल्या शांताबाई नऊवारी घोट्याच्या वर धरून ओल्या फरशीवर उभ्या राहायच्या आणि डोळे मिटायच्या. सगळ्यांना मुंग्या यायच्या. ज्याला येत नसत त्याला आप्पा आणखी दोन तांबे पाणी ओतून द्यायचे. गुडघ्यावर बोलता बोलता गावातलं सगळं राजकारण तिथं निपटायचं, आणि माझी बायको वरच्या खिडकीतून म्हणायची, "आपल्या घरमालकांनी दवाखाना काढलाय, तुम्ही मात्र गावभर फिरा."

गायीला मात्र ती जागा पटत नव्हती. फरशीला लागून दगडी डोणी होती, तिच्यात तिचं पाणी असायचं. एका सकाळी मी कामावर निघालो होतो आणि आप्पांची आंघोळ नुकतीच झाली होती. गाय तहानलेली होती, डोणीपर्यंत आली, पुढचा खूर ओल्या फरशीवर टेकवला आणि झटकन उचलला. परत टेकवला, परत उचलला. मग लांबूनच मान ताणून पाणी पिता येतं का बघू लागली. तेवढ्यात वरून बायकोनं आवाज दिला, "गीझर बंद केला हो." आणि गाय पुढं झाली, चारी पाय फरशीवर ठेवून निवांत पाणी प्यायली.

मी दुचाकी बंद केली. तामलवाडीच्या एका गोठ्यात मागं मी हेच पाहिलं होतं. म्हशी हौदावर जाईनात, दूध आटलं, मालकानं मला बोलावून पोटाचं औषध मागितलं. पोटात काही नव्हतं, हौदात होतं. पंपाची तार उघडी पडून पाण्यात करंट उतरला होता. माणसाला जिथं मुंग्या येतात तिथं गुरं पाय ठेवत नाहीत. बायकोला मी गीझर परत लावायला सांगितला. गायीनं खूर उचलले. बंद करायला सांगितला. गाय शांत.

"आप्पा," मी म्हणालो, "उद्यापासून या फरशीवर पाय ठेवायचा नाही."

"का? गुडघ्यांनी काय केलं?"

वायरमन दुपारी आला. मीटरची पेटी उघडली, टेस्टर लावला, दिवा लावून पाहिला आणि बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग त्यानं मला जे सांगितलं ते सोपं होतं. वीज घरात यायला एक तार लागते आणि परत जायला एक, तिला न्यूट्रल म्हणतात. या घराची परतीची तार खांबावरच तुटलेली होती. कुणीतरी ती घरातून काढून सरळ अर्थिंगच्या सळईला जोडली होती, आणि ती सळई पुरलेली होती बेलाखाली, त्या फरशीच्या कडेला. घरातली सगळी वीज जमिनीतून परत जात होती. जमीन ओली असली की मुकाट्यानं जायची. कोरडी पडली की अडायची, आणि मग माझा गीझर सुरू झाला की दुसऱ्या फेजवरच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या दुसऱ्या तारेवरच्या, खालच्या दिव्यांवर भलताच दाब चढायचा. आप्पा रोज आंघोळ करून ती जमीन ओली ठेवत होते. म्हणजे आप्पा घराला खरंच लागत होते. आणि आप्पांच्या गुडघ्यांना लागत होता माझा गीझर.

"हे जोडलं कुठल्या गाढवानं?" मी विचारलं.

वायरमननं पेटीत पुन्हा डोकावून पाहिलं. "डॉक्टर, जोड तर माझाच दिसायलाय. वादळात तार तुटली व्हती. आप्पाच्या घरी पावनं बसलेले. तात्पुरतं केलतं. मग ऱ्हायलंच."

त्यानं दोन दिवसांत खांबापासून नवी तार ओढली, अर्थिंग वेगळं केलं आणि सळई नव्या खड्ड्यात घातली. शांताबाई नेहमीप्रमाणं आल्या, फरशीवर उभ्या राहिल्या, डोळे मिटले, पुन्हा उघडले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, करंट म्हणजे काय, माणूस कसा जागच्या जागी जाऊ शकतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग वायरमनला बाजूला घेऊन विचारलं, "जरासा ठिवता येत न्हाई का रं, सकाळपुरता?"

पोराला मीच कळवलं, न कळवून चाललं नसतं. फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे माझे वडील रोज करंटवर आंघोळ करत होते." दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर झाला. दिवे आता जाणार नव्हते, आणि बापाला एकटं ठेवायची त्याची हिंमत उरली नव्हती. आधी पंधरा दिवस चला, मग कायमचं ठरवू, असं म्हणून तो आप्पांना घेऊन गेला. जाताना आप्पांनी मला किल्ली दिली आणि घराकडं वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आशा होती, हे मी खरं सांगतो.

रोज संध्याकाळी फोन यायचा.

"किती गेले?"

"एकही नाही, आप्पा."

"नीट बघितलाव का? देवघरातला?"

"तोही चालू आहे."

"बरं," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. इतक्या वर्षांनी दिवे सुधारले आणि ते ऐकून एक माणूस दिवसेंदिवस खचत चालला होता. माझी बायको म्हणाली, "एखादा गेला म्हणून सांगा की. तुमचं काय जातंय?" मला ते जमलं नाही. धडधाकट जनावराला आजारी असल्याचा दाखला मी कधी दिला नव्हता. पण फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. त्या घरातल्या उजेडात बसवत नसे.

पंधरा दिवसांनी बापलेक आले ते आवराआवर करायलाच. गाडीतून उतरतानाच पोरानं सांगितलं, की आता कायमचं न्यायचं. आम्ही सगळे ओट्यावर बसलो. आप्पांनी एकेक करून आपली माणसं पुढं काढायला सुरुवात केली.

"गाय ऱ्हाईल का?"

"तिची सोय केलीय, आप्पा. ओळखीचा शेतकरी आहे, चांगला आहे. डॉक्टरांना विचारा." मी मान हलवली, कारण शेतकरी खरंच चांगला होता.

"पुन्याच्या हवेत गुडघे धरत्यात."

"तिथं गुडघ्याचे डॉक्टर आहेत. घरापासून चालत जाण्याइतके."

"बेलाला पानी?"

"मी घालीन," मी म्हणालो आणि लगेच वाटलं, की बोलायला नको होतं.

"आन् घर?"

"घराला काय झालंय?" पोरगा मऊ आवाजात म्हणाला. "पंधरा दिवस तुम्ही नव्हता. एक तरी दिवा गेला का?"

आप्पांनी धोतराकडं पाहिलं. ते वाळलेलं होतं, अंगावरच होतं. मी वाट बघत होतो इरली ऐकायची. ओठ तसे हललेही, पण शब्द आला नाही. गाय दिली, गुडघे दिले, झाड दिलं, घर दिलं, आता पुढं करायला कुणी उरलं नव्हतं. ते खांबाला टेकले, पोराकडं न बघता अंगणाकडं बघत राहिले आणि घसा साफ करून म्हणाले,

"मला इथं ऱ्हायचंय."

पोरगा बापाकडं असा बघत होता, की जणू ओट्यावर कुणी नवा माणूस येऊन बसलाय. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "हे असं कधीपासून बोलायला लागले?"

"आत्ता सुरू झालं," मी म्हणालो.

"मग आधीच का नाही सांगितलंत, आप्पा? मी काय ऐकलं नसतं?"

"लाज वाटायची," आप्पा म्हणाले. "तुझ्या आईला बी कधी म्हनलो न्हाई."

पोरगा उठला. गाडीपाशी गेला, तिथं पाठमोरा उभा राहिला, डोळे पुसत असावा. मग डिकी उघडली, आप्पांची पिशवी काढली आणि घरात नेऊन ठेवली. परत येऊन बापाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दर पंधरा दिवसांनी मी येणार. नाही म्हणायचं नाही." आप्पांनी मान हलवली.

वातावरण जरा सैल झालं तेव्हा माझी बायको उठली आणि म्हणाली, "चहा टाकते. कुणाकुणाला हवा?"

"मला," आप्पा सगळ्यांच्या आधी म्हणाले. आणि थोडं थांबून, "साखर जास्त."